उजेडात ये, मग बोल

३ सप्टेंबर, मंगळवार

कालची नोंद दुरुस्त करते. काल लिहिलं की गोष्ट सांगताना सगळा वर्ग तल्लीन होऊन ऐकत होता. सगळा नाही. भोंगा झोपला होता. तो झोपला म्हणूनच बाकीच्यांना ऐकू आलं, आणि श्रेय मी घेतलं. दुसरी चूक: 'माझी पद्धत' असं लिहिलं. पद्धत माझी नाही, बाबांची आहे. जे आहे ते लिहावं.

(भोंगा म्हणजे ज्याचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो तो. मुलांची खरी नावं इथे लिहायची नाहीत असं ठरवलं आहे. दुसऱ्यांची मुलं, आपली वही.)

मोठ्या बाईंनी यंदा 'बोलणं आणि ऐकणं' हे काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाल्या, लिहायला-वाचायला सगळेच शिकवतात, बोलायला-ऐकायला कोण शिकवतं? मी म्हणाले, माझ्या बाबांनी शिकवलं. त्या म्हणाल्या, मग झालं तर, तुम्हीच घ्या. १२ डिसेंबरला इतर शाळांच्या शिक्षकांपुढे प्रात्यक्षिक आहे. तिथे गडबड नको म्हणून पद्धत एकदा नीट लिहून ठेवते.

आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. शाळा लांब, आईची नोकरी दिवसभराची आणि बाबा घरी. ते छापखान्याची मुद्रितं तपासायचे. टेबलाच्या एका बाजूला त्यांचे कागद, दुसऱ्या बाजूला मी. त्यांचे नियम आजही आमच्या घरात चालतात. समोर आल्याशिवाय बोलायचं नाही. एका वेळी एकानेच बोलायचं. तोंडापुढे हात, पेन्सिल, घास काही नको. वाक्य पूर्ण हवं. समोरच्याला कळलं नाही तर तेच वाक्य ओरडून सांगायचं नाही, वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि माझा सगळ्यात आवडता: उजेडात ये, मग बोल. खिडकीकडे पाठ करून उभी राहिले की बाबा हाताला धरून फिरवायचे. ज्याच्या मनात काही लपवायचं नाही तो उजेडात उभा राहतो, असा मी त्याचा अर्थ लावला आहे.

कविता म्हणून दाखवली की ते माझ्याकडे टक लावून बघायचे आणि शेवटी एकच शब्द म्हणायचे, "स्पष्ट!" त्या एका शब्दासाठी मी अख्खं पुस्तक पाठ करत असे.

सगळे नियम तक्त्यावर लिहून दुसरीच्या वर्गात लावले. संकल्प: दर वाक्याला 'सॉरी' म्हणायचं नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बक्षीस तयार केलं. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे हत्तीचे कान, राखाडी रंग, मागे इलॅस्टिक. आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या श्रोत्याला मिळणार.

पहिला मान खारूताईला. दुसरं कोण असणार? पुढच्या बाकावर बसते, दोन्ही हात हनुवटीखाली, आणि माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. कधीकधी मला वाटतं मी बाई नसून पुस्तक आहे. भोंगा ओरडला, बाई, मी पण ऐकतो! मी म्हणाले, तू ऐकवतोस. वर्ग हसला. हे जरा लागेल असं बोलले का? उद्या त्याला काहीतरी चांगलं म्हणेन.

कान जरा मोठे झाले. तिचे स्वतःचे कान पूर्ण झाकले गेले. तिने दोनदा विचारलं, बाई, काढू? मी म्हणाले, शाळा सुटेपर्यंत राहू दे, मान आहे तो. शेवटचा तास ती गप्पच होती. मान मिळाला की माणूस गंभीर होतं.

१५ सप्टेंबर, रविवार

घरी निवांत. बाबा समोरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात. चहा झाला तर दुसऱ्यांच्या घरी आतून हाक येते. आमच्याकडे नाही. आई हात पुसते, चालत जाते, बाबांच्या समोर उभी राहते आणि सांगते, चहा झाला. किती सुसंस्कृत घर आहे आमचं, असं मी मोठ्याने म्हणाले. आई म्हणाली, हो ना, तुझ्या बाबांना एक गोष्ट सांगायची तर मैलभर चालावं लागतं. संसार कसला, पदयात्राच.

बाबा म्हणाले, काय म्हणतेय ती? पुटपुटते नुसती. मी त्यांच्यासमोर जाऊन वेगळ्या शब्दांत सांगितलं की आई तुमचं कौतुक करते आहे. ते खूश झाले. आई माझ्याकडे बघून आत गेली.

आईला बोलण्याचे धडे द्यायला हवेत. हल्ली तिचा आवाज फारच खाली गेला आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कान तपासायला नर्सबाई आल्या. मशीन एक, वर्ग बारा. म्हणाल्या, ज्यांच्याबद्दल शंका असेल अशी दोनच मुलं द्या.

मी भोंगा दिला आणि शंकासुर दिला. एक ऐकून घेत नाही, दुसरा प्रत्येक वाक्यानंतर विचारतो, "म्हणजे काय?" नर्सबाई दारातून बघत होत्या. त्यांनी पुढच्या बाकाकडे बोट केलं. म्हणाल्या, आणि ही? फार निरखून बघते ही. मला हसूच आलं. म्हटलं, हिला कशाला? हिच्याकडून तर आपणच शिकायचं. त्याही हसल्या आणि पुढच्या वर्गात गेल्या.

भोंग्याचे कान उत्तम निघाले. दोन खोल्या पलीकडे कोणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला, तोही त्याने सांगितला. शंकासुराचेही उत्तम. म्हणजे दोष कानात नाही, वृत्तीत आहे. हे प्रात्यक्षिकात घेण्यासारखं आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

शाळेला ध्वनिमुद्रित गोष्टी आल्या. स्पीकर वर्गात मागे ठेवायचा, मुलांनी ऐकायचं आणि चित्र काढायचं. गोष्ट तळ्यातल्या बदकांची. एकोणतीस जणांनी बदकं काढली. भोंग्याने बदकं खाणारी मगर काढली, पण तळं बरोबर होतं.

खारूताईने मला काढलं. फळा, टेबल, मी. मग शेजारणीच्या कागदाकडे बघून घाईघाईने माझ्या पायाशी एक बदक घातलं.

नोंद: यंत्राच्या आवाजात जिव्हाळा नसतो. संवेदनशील मुलांना जिवंत माणूस लागतं. स्पीकर कपाटात ठेवला. मोठ्या बाईंना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आवाज न चढवता ठाम बोलले. 'सॉरी' एकदाच, तेही निघताना.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कानगोष्टींचा खेळ घेतला. रांगेतल्या पहिल्याच्या कानात वाक्य सांगायचं, त्याने पुढच्याच्या. प्रत्येक वेळी साखळी खारूताईपाशी तुटली. तिसऱ्यांदा मी जवळ जाऊन बघितलं. तिने कान पुढे केला, ऐकल्यासारखं केलं, हसली, मग पुढच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओठ हलवले. छान हलवले, सावकाश, स्पष्ट. पुढचा होता शंकासुर. तो कुरकुरला, बाई, ही काही बोलतच नाही, नुसते ओठ हलवते! मी त्याला म्हणाले, लक्ष देऊन ऐक, म्हणजे ऐकू येईल.

त्यानंतर तिला रांगेच्या शेवटी उभं केलं. शिक्षा म्हणून नाही, सोय म्हणून. हे मुद्दाम लिहून ठेवते.

११ नोव्हेंबर, सोमवार

पलीकडच्या दुसरीत मुलं कमी, माझ्याकडे जास्त. मोठ्या बाई म्हणाल्या, चार मुलं तिकडे द्या, आणि सगळी वांड देऊ नका बरं का, मी ओळखून आहे.

त्या वर्गाच्या बाई पट्टीच्या अनुभवी. पण बोलतात फळ्याशी. मुलांकडे पाठ, हातात खडू, आणि एकदा बोलायला लागल्या की तासभर थांबत नाहीत. मी त्यांना मनात फळ्याच्या बाई म्हणते. त्यांच्या वर्गाला चांगल्या श्रोत्याचा नमुना मिळावा म्हणून मी खारूताई दिली. मला जड गेलं. पण आपल्याकडचं सगळ्यात चांगलं द्यावं, असं बाबा म्हणतात. जाताना तिला हत्तीचे कान कायमचे देऊन टाकले.

संध्याकाळी फाटकाशी तिची आई भेटली. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. गळ्यात टेप, ओढणीला दोऱ्याचे तुकडे. म्हणाल्या, बाई, तिला तुमच्याकडेच राहू द्या ना. तुमचं बोलणं तिला कळतं. घरी तर मी घसा फोडून हाका मारते, ऐकेल तर शपथ! मी त्यांना समजावलं, चांगलं ऐकणाऱ्याला कुठेही कळतं. त्या मान हलवून गेल्या.

घरी हाका मारतात, हीच तर चूक. समोर जाऊन बोलायला हवं. पुढच्या भेटीत सांगेन.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

शिक्षकांच्या खोलीत फळ्याच्या बाईंनी सगळ्यांदेखत काढलं. म्हणाल्या, काय हो, नमुना म्हणून दिलीत ना ती? नमुनाच आहे! दहा हाका मारल्या तरी ढुंकून बघत नाही. श्रुतलेखनाला कागद कोरा. मागच्या बाकावर बसवलं, आज दाराबाहेर उभी केली. तुम्ही लाडावून ठेवलीय.

मी सॉरी म्हणाले. मग मनात आलं, सॉरी का? माझ्याकडे जी मुलगी पहिली, ती त्यांच्याकडे पंधरा दिवसांत शेवटची. पद्धतीचा याहून मोठा पुरावा कुठला? वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. उलट थोडं बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण जे आहे ते.

नियमांच्या तक्त्याची एक प्रत त्यांना दिली. त्यांनी ती कपाटामागच्या भेगेत सारली. भेगेतून वारा येतो म्हणे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

खारूताई आजही दाराबाहेर. भिंतीकडे तोंड करून उभी होती, बोटाने पोपडे मोजत. मी मागून हाक मारली. हलली नाही. जवळ जाऊन पुन्हा मारली. तरी नाही. मला समजलं, रुसली आहे. मी तिला देऊन टाकलं ना. मुलं विसरत नाहीत.

डोळ्यांत पाणी आलं. मी खांद्यावर हात ठेवला तर ती केवढ्याने दचकली! वळली, मला बघितलं आणि चेहरा असा उजळला की रुसव्याचा मागमूस नाही. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, जेवले बाई. विचारलं, नव्या वर्गात काय शिकलात? म्हणाली, नव्या बाई बोलतच नाहीत.

नव्या बाई बोलत नाहीत? त्यांचा आवाज तर तिथे आम्हा दोघींना भिंतीतून ऐकू येत होता. मला तरी येत होता.

याचा विचार करायला हवा. आज फार दमले आहे.

१ डिसेंबर, रविवार

जेवताना मी हे सगळं सांगितलं. बाबांचं जेवण झालं होतं, ते उठून बेसिनपाशी हात धूत होते, आमच्याकडे पाठ. आईचा घास हातातच राहिला. म्हणाली, ती पोर ऐकत नाही गं. बघते.

मी म्हणाले, म्हणजे काय? तुला कसं कळलं? (शंकासुरासारखी बोलले.)

आई घोटभर पाणी प्यायली. पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि जागेवरून न हलता, रोज बोलते त्यापेक्षा मोठ्याने म्हणाली, "अहो, घराला आग लागलीय."

बाबा हात धूत राहिले. नखं स्वच्छ केली. नळ घट्ट बंद केला. टॉवेल घेतला. वळले, आमची तोंडं बघितली आणि म्हणाले, काय झालं? कढी उतू गेली का?

आई उठली, समोर गेली आणि म्हणाली, काही नाही, सुपारी हवी का विचारत होते.

ते समोरच्या खोलीत गेल्यावर मी विचारलं, कधीपासून? आई म्हणाली, थोडं आधीपासूनच होतं. तुझ्या जन्माच्या सुमाराला वाढलं. कोणाला सांगायचं नाही म्हणाले, छापखाना काम काढून घेईल. मी म्हटलं, अहो, मुद्रितं डोळ्यांनी तपासतात. तर म्हणाले, लोक कानावरून डोक्याची किंमत करतात. मग नाही सांगितलं. आणि एकदा नाही सांगितलं की मग कधी सांगणार?

मी विचारलं, माझा आवाज त्यांना?

आईने खरकटी ताटं एकात एक ठेवली. म्हणाली, तुझा आवाज फार बारीक होता गं. तू रडायला लागलीस की मी पाळणा त्यांच्यासमोर सरकवून ठेवायचे. तू रडतेयस हे त्यांना दिसायचं.

२ डिसेंबर, सोमवार

दुरुस्ती. ३ सप्टेंबरची नोंद जवळजवळ सगळी चूक आहे.

समोर ये. एका वेळी एक. तोंडापुढून हात काढ. कळलं नाही तर शब्द बदल. उजेडात ये. हे बोलण्या-ऐकण्याचे नियम नाहीत. ज्याला ऐकू येत नाही त्या माणसाने एका लहान मुलीपुढे घातलेली ही तटबंदी आहे, आणि मी ती तक्त्यावर लिहून वर्गात लावली. त्या तक्त्याखाली खारूताई पहिली येणारच होती. पूर्ण शाळेत तो एकच वर्ग तिच्यासाठी बनवलेला होता, आणि तिथून मी तिला बाहेर काढलं.

आणि "स्पष्ट!" म्हणजे ओठ स्पष्ट. कवितेबद्दल ते काही बोललेच नव्हते.

ठरवलं: उद्या तिच्या आईला सांगायचं. उद्याच.

५ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं नाही. कारणं लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच ती सबबी वाटणार नाहीत. एक, मी डॉक्टर नाही. दोन, मंगळवारी दुकान बंद होतं. (शटर अर्धं उघडं होतं. पण अर्धं उघडं म्हणजे बंदच.) तीन, प्रात्यक्षिक तोंडावर आलं आहे. आत्ता सांगितलं तर मोठ्या बाई विचारणार, तपासणीला का नाही पाठवली? नर्सबाईंनी बोट केलं होतं तेव्हा मी हसले, हे सांगावं लागणार. आणि मग विचारणार, तुमच्या बाबांना अशी पद्धत का लागली?

१२ तारीख झाली की लगेच.

घरी बाबांकडे बघत बसते. ते पेपर वाचतात. काल त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, काय ते नीट बोल, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. मी काही बोललेच नव्हते.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्रात्यक्षिक झालं. सभागृहात साठेक शिक्षक. मोठ्या बाईंनी आयत्या वेळी सांगितलं की मूळचा वर्गच बसवू, ती हत्तीच्या कानांची मुलगीही घ्या, पाहुण्यांना आवडेल. खारूताई कान घालून आली. पळतच आली. पुढे बसली.

मी उजेडात उभी राहिले. सावकाश बोलले. जे जे विचारलं त्याचं पूर्ण वाक्यात उत्तर तिनेच सगळ्यात आधी दिलं. भोंग्यानेसुद्धा आज हात वर करून बोलायची परवानगी मागितली, मग ओरडला. लोक माना डोलवत होते.

मग मागच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी विचारलं, त्या छोट्या हत्तिणीला विचारायचं आहे, बाळ, तुला या तासात सगळ्यात काय आवडतं? सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती माझ्याकडे बघत होती. हसत होती. त्याच क्षणी मी म्हणू शकले असते: तिला ऐकू आलेलं नाही. साठ शिक्षक होते. नर्सबाईसुद्धा दाराशी उभ्या होत्या.

मी एक पाऊल पुढे झाले, तोंडापुढचा कागद खाली घेतला आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. इतक्या सफाईने की कोणाला कळलंही नसेल. आई चहाचं सांगते तसं.

खारूताई उभी राहिली. म्हणाली, मला बाईंचं तोंड आवडतं.

सभागृह हसलं. टाळ्या. मोठ्या बाईंनी डोळे पुसले. फळ्याच्या बाई म्हणाल्या, तुमच्यापुढे बरी पोपटासारखी बोलते! मी सॉरी म्हणाले.

बाबांनी झाकलं, आईने झाकलं, आज मीही शिकले. घरचं शिक्षण पूर्ण झालं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज सांगितलं.

दुरुस्ती: सांगायला गेले. फाटकाशी तिची आई होती. मी मनात तयार केलेलं वाक्य पूर्ण होतं, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून सुरुवात लांबून केली. म्हणाले, तुमच्या मुलीची नजर फार तीव्र आहे हं. ती कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त शिकते. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, हो ना! लांबून येणाऱ्या बसवरची पाटी आमच्या कोणाच्या आधी वाचते. सुईत दोरा मला तीच ओवून देते. मी म्हणाले, तेच म्हणतेय मी. त्या म्हणाल्या, तुमचे उपकार आहेत बाई, तुम्ही तरी तिचं चांगलं बोलता. मग त्यांचा आवाज खाली आला. नव्या बाईंनी बोलावलं होतं. सोमवारपासून तिला पहिलीत बसवणार आहेत. म्हणाल्या, डोकं मंद आहे म्हणे. येत्या शुक्रवारी मोठ्या बाई पक्कं ठरवणार. बाई, मंद पोर सुईत दोरा ओवते का हो?

मी म्हणाले, नाही ओवत.

त्याच्यापुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांची बस आली.

संध्याकाळी बाबांना सांगायचं ठरवलं होतं. त्यांनाही कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि म्हणाले, बाबा, मला सगळं कळलंय. पूर्ण वाक्य. स्पष्ट. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मला हायसं वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते.

१६ डिसेंबर, सोमवार

खारूताई आज पहिलीच्या रांगेत. सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच.

मधल्या सुट्टीत जिन्याखाली ती शाळा-शाळा खेळत होती. पहिलीतली चार चिमुरडी समोर बसवलेली. एकाच्या डोक्यावर हत्तीचे कान. एकीची हनुवटी धरून तिने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं. मग खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात सरकून उभी राहिली आणि शिकवायला लागली. हातवारे माझे. मान तिरकी करायची सवय माझी. ओठ सावकाश, स्पष्ट हलत होते. आवाज नव्हता. मुळीच नव्हता. मुलं खिदळत होती, म्हणत होती, ताई, बोल ना, बोल ना! ती थांबली, त्यांच्याकडे बघितलं, आणि तेच पुन्हा, ओठ वेगळ्या तऱ्हेने हलवून सांगितलं.

मी तिच्या मागे उभी होते. म्हणाले, तुला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, आणि मी सांगितलेलं नाही. कानवाल्या चिमुरड्याने माझ्याकडे बघितलं. तिने नाही.

सराव म्हणून ठीक झालं. वाक्य बरोबर आहे, फक्त बाजू चुकली.

आता पक्कं. शुक्रवारी मोठ्या बाई ठरवणार, म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी सांगितलं तरी वेळेत होतं. त्याआधी तिची आई कामाच्या गर्दीत असते, आणि मला एकदा माझ्या आईपुढे म्हणून बघायचं आहे. बाबांनाही त्याच दिवशी, आधी. मागून नाही. त्यांची खुर्ची फिरवून, समोर बसून, तोंडापुढे हात न धरता. मग दुकानात. सकाळी त्या दुकानाला उजेड चांगला असतो, जाताना बघून आले.

गुरुवार, १९ डिसेंबर. सकाळी आठ वाजता बाबा, नऊ वाजता दुकान.